आधी चहा ठेवा, फॉर्म नंतर: हिंसेतून सावरणाऱ्या अ‍ॅबोरिजिनल कुटुंबांना साथ देताना

ऑस्ट्रेलियातल्या शेपार्टन गावी मला सोशल वर्करची नोकरी लागली, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मी एका बाईंच्या घरी गेले. मांडीवर अकरा पानांचा फॉर्म, हातात पेन. 'त्याने कधी गळा धरला होता का?' हो. 'आता घरी सुरक्षित वाटतं का?' हो. 'मुलांच्या शाळेशी बोललो तर चालेल?' हो. 'समुपदेशन हवंय?' हो. पंचवीस मिनिटांत फॉर्म भरून झाला आणि मी खुशीत परतले. पुढच्या तीन खेपांना दारच उघडलं नाही.

ऑफिसात आमच्याबरोबर एक योर्टा योर्टा बाई काम करतात, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, अ‍ॅबोरिजिनल लोकांच्या, एका राष्ट्रातल्या. सगळे त्यांना आँटी म्हणतात, मीही म्हणते. त्यांनी फॉर्म चाळला आणि माझ्याकडे बघितलं. "ती तुला हो म्हणाली नाही गं. ती तुला 'जा आता' म्हणाली."

ऑस्ट्रेलियात मराठी माणसं नर्स आहेत, जीपी (फॅमिली डॉक्टर) आहेत, शिक्षक आहेत, बालवाडीत आणि सोशल वर्कमध्ये आहेत. व्हिसाच्या अटींमुळे पुष्कळांची पहिली नोकरी लहान गावात लागते आणि तिथे अ‍ॅबोरिजिनल कुटुंबांशी रोजचा संबंध येतो. हिंसा सोसलेली बाई समोर बसली की काय करायचं, हे आपल्याला कुणी धड शिकवलेलं नसतं. मी चुका करत शिकले. माझं काम व्हिक्टोरियात आहे, त्यामुळे कायद्याचे बारकावे इथले आहेत. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथले विचारून घ्या. माणसांचे तपशील मी बदलले आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. बरं करण्याचं काम त्यांची माणसं, त्यांची जमीन आणि त्यांच्या रीती करतात. जीव वाचावा, डोक्यावर छप्पर राहावं, पोरं हातची जाऊ नयेत हे आपण बघायचं, आणि तिची तिच्या माणसांपर्यंतची वाट मोकळी करायची. ऐकायला हे सोपं वाटतं. आमच्या टीममध्ये दर आठवड्याला यातलं एक तरी चुकतं.

१. तोंडात कोणते शब्द आहेत ते तपासा

इथे 'डोमेस्टिक व्हायोलन्स' म्हणण्यापेक्षा 'फॅमिली व्हायोलन्स' म्हणतात. मारणारा नवराच असेल असं नाही. दीर असतो, मोठा मुलगा असतो, आजीची पेन्शन उकळणारा नातू असतो. नुकसानही एकट्या बाईचं होत नाही, सगळा गोतावळा हलतो. म्हणून 'फॅमिली'.

मराठीत लिहिताना मी 'आदिवासी' हा शब्द टाळते. तो उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे पाडा, जंगल, वारली चित्रं येतात. इथले बहुसंख्य लोक शहरांत आणि गावांत राहतात. १७८८ मध्ये इंग्रज आले तेव्हा या खंडात अडीचशेहून अधिक भाषा होत्या. लोक ओळख सांगताना आपलं राष्ट्र सांगतात: योर्टा योर्टा, वुरुंडजेरी, नूंगार. टॉरस स्ट्रेट बेटांवरचे लोक तर वेगळेच. तुमच्या गावातली जमीन कुणाची आहे, एवढं नोकरीच्या पहिल्या दिवशी माहीत असलंच पाहिजे.

'तू किती टक्के अ‍ॅबोरिजिनल?' हा प्रश्न कधीही विचारू नका. गोऱ्या वर्णाची, निळ्या डोळ्यांची बाई अ‍ॅबोरिजिनल असू शकते आणि असतेच. कातडीच्या रंगावरून मुलांची प्रतवारी करून त्यांना आयांपासून तोडणारी सरकारं इथे होऊन गेली आहेत. तुमचं कुतूहल तिच्या कानांवर त्या आवाजात पडतं.

आणखी एक वाक्य मी गणेशोत्सवाच्या पंगतीत ऐकलं आहे: 'त्यांच्या संस्कृतीतच ते आहे हो.' कौटुंबिक हिंसेमुळे हॉस्पिटलात दाखल होण्याचं अ‍ॅबोरिजिनल स्त्रियांचं प्रमाण इतर स्त्रियांच्या तिसाहून अधिक पट आहे, हे खरं. पण त्यांना मारणारे सगळे अ‍ॅबोरिजिनल नसतात. पुष्कळ जणींचे जोडीदार गोरे असतात, क्वचित आपल्यासारखेही. आपल्याकडे हुंड्यापायी सून जाळली गेली म्हणून कुणी त्याला मराठी संस्कृती म्हणत नाही. मग इथे ती मुभा का?

२. दार का उघडत नाही, ते समजून घ्या

साधारण १९१० ते १९७० या काळात अ‍ॅबोरिजिनल मुलांना सरकार आणि मिशनरी संस्था घरांतून उचलून नेत होत्या. १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाने हे प्रमाण दहांत एक ते तिनात एक असं मांडलं. १३ फेब्रुवारी २००८ ला पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली. तुमच्या समोरच्या बाईची आजी त्या मुलांपैकी एक असण्याची शक्यता चांगलीच आहे. 'वेल्फेअर', म्हणजे मुलं उचलून नेणारं सरकारी खातं, हा शब्द त्या घरात भुतासारखा उच्चारला जातो, आणि गळ्यात ओळखपत्र घालून तुम्ही दारात उभे.

आमच्या गावाचा इतिहास तर हाताच्या अंतरावर आहे. फेब्रुवारी १९३९ मध्ये कमेरागंजा या अ‍ॅबोरिजिनल लोकांसाठीच्या सरकारी वसाहतीतले सुमारे दोनशे लोक तिथल्या जाचाला कंटाळून उठले आणि मरे नदी ओलांडून व्हिक्टोरियात आले. त्यातली अनेक कुटुंबं शेपार्टन आणि मूरूप्ना यांच्या मधल्या पूरमैदानात पत्र्याच्या, गोणपाटाच्या झोपड्यांत राहिली. १९५४ मध्ये इंग्लंडची राणी येणार म्हणून ती वस्ती दिसू नये यासाठी रस्त्याच्या कडेला गोणपाटाचे पडदे लावले होते. त्या झोपड्यांत वाढलेली माणसं आजही आमच्या दवाखान्यात रक्तदाब तपासायला येतात.

पोलिसांचं तर विचारूच नका. ऑगस्ट २०१४ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या साउथ हेडलंडमध्ये बावीस वर्षांच्या एका अ‍ॅबोरिजिनल (यामाजी) तरुणीच्या घरी पोलीस आले ते तिच्या जोडीदाराने मनाई हुकूम मोडला म्हणून. न भरलेल्या दंडापोटी त्यांनी तिलाही कोठडीत घातलं. दुखतंय म्हणून ती ओरडत राहिली आणि नाटक करते असं ठरवलं गेलं. तीन दिवसांच्या आत ती गेली. मारहाणीत मोडलेल्या बरगडीतला जंतुसंसर्ग अंगभर पसरला होता. तिचं पहिलं नाव घेऊ नये असं घरच्यांनी सांगितलं, म्हणून सगळा देश तिला मिस धू म्हणतो. 'पोलिसांत का नाही गेलीस?' असं विचारायचं मनात आलं तर आधी मिस धू आठवा.

फासेपारधी वस्तीत पोलिसांची गाडी शिरली की काय होतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं समजावायला नको. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी धडकी गेली नाही. पण तुलना इथेच थांबवा. 'आम्हीपण इंग्रजांचे गुलाम होतो' हे वाक्य मी एकदा अ‍ॅबोरिजिनल लोकांसमोर बोलले होते. कुणी काही म्हणालं नाही, फक्त विषय बदलला. त्यांच्या जमिनीवर आपणही नंतर आलेलेच आहोत.

३. जीव आधी

संस्कृतीचा आदर म्हणून धोक्याकडे डोळेझाक करायची नाही. व्हिक्टोरियात मराम नावाची धोका मोजण्याची चौकट आहे आणि नर्स, शिक्षक, सोशल वर्कर सगळ्यांनी आपापल्या पातळीवर ती वापरायची असते. प्रश्न विचारायचेच, पण एकामागून एक फॉर्मसारखे विचारायचे नाहीत.

कान टवकारायचे ते या गोष्टींना: गळा दाबणं, हत्याराची धमकी, गरोदरपणात मारहाण, ती नुकतीच वेगळी झालेली असणं किंवा होणार असणं, पाळत, 'मरतो आणि तुलाही घेऊन जातो' अशी भाषा. यात गळा दाबणं वेगळं काढा. बाहेरून एक ओरखडाही नसताना मानेतली रक्तवाहिनी आतून फाटलेली असू शकते आणि काही दिवसांनी पक्षाघात येऊ शकतो. 'आता बरं वाटतंय' म्हणाली तरी डॉक्टरकडे न्या. जीव धोक्यात असेल तर शून्य शून्य शून्य, हा इथला आणीबाणीचा नंबर.

ती सांगायला लागण्याच्या आधी तुमची मर्यादा तुम्ही सांगा. नर्स, डॉक्टर, शिक्षक असाल तर मुलांवरच्या शारीरिक किंवा लैंगिक अत्याचाराची खबर देणं कायद्याने बंधनकारक आहे. नॉर्दर्न टेरिटरीत तर गंभीर इजा करणाऱ्या कौटुंबिक हिंसेची खबर प्रत्येक प्रौढाने द्यायची असते. 'हे मी माझ्यापाशी ठेवू शकते, हे नाही ठेवू शकत' असं साध्या शब्दांत आधी बोला. सगळं ऐकून घेऊन मग नियम काढला तर तो दगा होतो, आणि ही बातमी तासाभरात गावभर होते.

लहान गावात आणखी एक पेच असतो. अ‍ॅबोरिजिनल संस्थेत पाठवावं, तर तिथल्या स्वागतकक्षात नवऱ्याची चुलत बहीण बसलेली. म्हणून 'तुमच्यासाठी तुमची संस्था' असं परस्पर ठरवू नका. विचारा: 'आपल्या माणसांकडे जायचंय, की इथे कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी?' काही जणींना कायद्याचं काम बाहेरच्यांकडे आणि मनाचं काम आपल्यांकडे हवं असतं. तसंही जमवता येतं.

आणि नोंद जपून लिहा. बाई रागात आहे, ओरडते आहे, तिने त्याला उलट फटका मारलाय, तो शांतपणे पोलिसांशी बोलतोय: अशा वेळी तिलाच हल्लेखोर ठरवल्याची उदाहरणं अ‍ॅबोरिजिनल स्त्रियांच्या बाबतीत ढिगाने आहेत. तुम्ही लिहिलेलं 'परस्पर भांडण' उद्या कोर्टात तिच्या विरोधात वाचलं जाईल. कुणी काय केलं, कुणाच्या अंगावर काय खुणा होत्या, कोण कुणाला घाबरत होतं, ते लिहा.

नंबर तिच्या मोबाइलमध्ये भलत्या नावाने जतन करा. १८०० ७३७ ७३२ हा देशभरचा, चोवीस तासांचा हिंसाविरोधी मदतीचा. १३ ९२ ७६ म्हणजे थर्टीन यार्न, संकटात मन मोकळं करण्याची फोनसेवा, तिथे फोन उचलणारी माणसं अ‍ॅबोरिजिनल आणि टॉरस स्ट्रेटचीच असतात. व्हिक्टोरियात हिंसा सोसणाऱ्यांच्या मदतीसाठी 'ऑरेंज डोर' केंद्रं आहेत आणि अ‍ॅबोरिजिनल स्त्रियांनी चालवलेली 'जिरा' ही संस्था आहे, ती वकीलही देते. पैशांची अडचण असेल तर केंद्र सरकारची घर सोडणाऱ्यांसाठीची मदत, सेंटरलिंकचं (सरकारी भत्ते देणाऱ्या खात्याचं) क्रायसिस पेमेंट. हे अर्ज तुम्ही तिच्या शेजारी बसून भरा. तिच्या हातात माहितीपत्रक कोंबून 'वेबसाइट बघा' म्हणणं ही मदत नाही.

४. बसा, आणि गप्प बसा

त्या तीन खेपांनंतर मी आँटींबरोबर गेले. फॉर्म गाडीतच ठेवला होता. दार उघडलं. पहिली चाळीस मिनिटं त्या दोघी कोण कुणाची भाची, फूटीच्या (इथल्या फुटबॉलच्या) मॅचमध्ये कुणाचा पोरगा खेळला, कुणाच्या आजीचं डायलिसिस सुरू झालं, हे बोलत होत्या. मला वाटलं वेळ चाललाय. नंतर कळलं, आँटी तिथे मला आत घ्यायचं की नाही याची बोलणी करत होत्या.

मग ती बाई माझ्याकडे वळली. "तुझी माणसं कुठली?" आपण 'गाव कुठलं?' विचारतो ना, अगदी तेच. मी म्हणाले, सांगलीजवळचं, कृष्णेच्या काठचं. २०१९ च्या पुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. ती उठली आणि तिने किटली ठेवली. ऑक्टोबर २०२२ च्या पुरात तिचंही घर गेलं होतं. इथल्या गोलबर्न नदीचं योर्टा योर्टा नाव कायेला. त्या दिवशी आम्ही फक्त चिखल घरातून कसा काढायचा आणि ओल्या गाद्यांचं काय करायचं, एवढंच बोललो. गळ्याचा विषय तिने पुढच्या भेटीत काढला, आपण होऊन, भांडी पुसताना.

यातून निघणाऱ्या रीती सांगते. समोरासमोर खुर्च्या मांडू नका. शेजारी बसा, व्हरांड्यात बसा, गाडीतून कुठे सोडायला जाताना बोला. नजरेला नजर भिडवण्याचा आग्रह धरू नका. एक प्रश्न विचारला की थांबा. सात-आठ सेकंद कुणी बोललं नाही की आपल्याला कसंनुसं होतं आणि आपण दुसरा प्रश्न टाकतो. ती मात्र पहिल्याचं उत्तर जुळवत असते. आणि 'हो ला हो' ओळखा. अधिकारी माणसाला लवकर घालवण्यासाठी दिलेला होकार कोर्टांतून आणि पोलिसांच्या जबाबांतून भाषातज्ज्ञांनी वर्षानुवर्षं नोंदवला आहे. म्हणून हो-नाहीचे प्रश्न टाळा. 'परवा रात्री काय झालं, जमेल तेवढं सांग' असं विचारा.

उत्तरेत डेली नदीकाठच्या नाउइयू गावच्या मिरियम-रोज उंगनमेर-बाउमन यांनी 'दादिरी' हा आपल्या भाषेतला शब्द जगाला दिला. घाई न करता, आत खोल ऐकत, नुसतं जागं राहून बसणं. हल्ली प्रशिक्षणाच्या स्लाइडवर हा शब्द दणकून वापरतात आणि पुढच्या स्लाइडवर पंधरा मिनिटांची अपॉइंटमेंट असते. तुम्हाला पंधराच मिनिटं मिळत असतील तर दादिरीचं नाव घेऊ नका. त्या पंधरा मिनिटांत मोबाइल उलटा ठेवा, तेवढं पुरे.

'शेम' हा शब्द कानावर पडेल. त्यात लाज आहे, संकोच आहे, चारचौघांत एकटं पडण्याची भीतीही आहे. ती 'शेम जॉब' म्हणाली की विषय तिथेच सोडा. बायकांच्या गोष्टी बायकांपाशी आणि पुरुषांच्या पुरुषांपाशी राहतात. तुम्ही पुरुष असाल तर स्त्री सहकाऱ्याला पुढे करा आणि त्यात अपमान मानू नका.

५. नात्यांचा नकाशा तिच्याकडून काढून घ्या

'माय मरो पण मावशी जगो' म्हणणाऱ्या भाषेतल्या माणसाला हे पटकन उमगावं. अनेक अ‍ॅबोरिजिनल समाजांत आईची बहीण आईच असते, तिची मुलं सख्खी भावंडं. एखादं मूल म्हणालं 'माझ्या तीन आया आहेत', तर त्यात गोंधळ काही नाही. सरकारी फॉर्मवर मात्र आईसाठी एकच रकाना असतो.

कोरा कागद घ्या आणि तिलाच पेन द्या. मुलं कुठे कुठे झोपतात? पैसे संपले की कुणाकडे जेवता? तो कुणाचं ऐकतो? कुणाला हे कळलेलं चालणार नाही? काही समाजांत सासू आणि जावई एका खोलीत बसत नाहीत, एकमेकांशी बोलत नाहीत. तुम्ही 'फॅमिली मीटिंग' ठेवाल आणि कुणी का येईना म्हणून हताश व्हाल. ज्येष्ठांपैकी कुणाचा शब्द चालतो हेही यातून कळतं. केस पांढरे झाले की कुणी एल्डर होत नाही; समाज ज्याला मानतो तो एल्डर.

याची दुसरी बाजूही कागदावर येऊ द्या. हेच नातलग कधी तिला म्हणतात, 'केस मागे घे, तो तुरुंगात मेला तर?' ही भीती पोकळ नाही. या देशात कोठडीत अ‍ॅबोरिजिनल माणसं मरतात. तिला दोन्हीकडून ओढ आहे. आपण त्यात तिसरी दोरी बांधायची नाही.

६. बरं होणं कुठे होतं

इथल्या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेली एक आकृती आहे. मधोमध माणूस आणि त्याला जोडणारे सात धागे: शरीर, मन आणि भावना, कुटुंब आणि नाती, समाज, संस्कृती, जमीन, आणि पूर्वजांशी असलेलं आत्मिक नातं. समुपदेशनाची खोली यातल्या एका धाग्यावर काम करते, फार तर दोन. बाकीचे कुठे जुळतात ते बघायला बाहेर पडावं लागतं.

जिराचा 'सिस्टर्स डे आउट' घ्या. दिवसभराचा मेळा: केस, नखं, मसाज, जेवण, गप्पा. त्यातच एका बाजूला वकील बसलेली असते आणि हिंसा म्हणजे काय यावर बोलणं होतं. पोस्टरवर 'पीडितांसाठी कार्यशाळा' असं लिहिलं असतं तर कुणी फिरकलं नसतं. नखं रंगवायला जाते असं घरी सांगून येता येतं.

मी ज्या विणकामाच्या गटात जाते तो आठवड्यातून एकदा भरतो. लांबट टेबल, मध्ये राफियाचे आणि गवताचे गठ्ठे, पाण्याचं घमेलं. गवत भिजवून मऊ करायचं, मग मधल्या गाठीभोवती वेढे घालत सुईने टाके घ्यायचे. पहिल्या दिवशी मी जरा जास्तच प्रश्न विचारत होते. एका ज्येष्ठ बाईंनी काही न बोलता माझ्या हातात ओलं गवत दिलं. त्यानंतर दोन तास मी बोलू शकले नाही, कारण टाका सुटत होता. आणि नेमक्या त्या दोन तासांत टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक मुलगी हातातल्या टोपलीकडे बघत बघत सगळं बोलून गेली. कुणी मान वर केली नाही. शेजारणीने फक्त तिच्या बाजूला आणखी गवत सरकवलं. माझ्या टोपलीचा तळ अजून वाकडा आहे.

मध्य ऑस्ट्रेलियात एनपीवाय विमेन्स काउन्सिल ही संस्था १९८० पासून आहे, वाळवंटातल्या बायकांनी उभी केलेली. त्यांच्याकडे नंगकारी, म्हणजे पारंपरिक उपचार करणारे, दवाखान्यांत डॉक्टरांच्या बरोबरीने काम करतात. 'उती कुलिंजाकू' या त्यांच्या प्रकल्पात ज्येष्ठ बायका आणि मानसिक आरोग्याचे तज्ज्ञ एकत्र बसले आणि आघात, भीती, सुन्नपणा यांसाठी पिचांचाचारासारख्या भाषांतले नेमके शब्द त्यांनी शोधले, त्यांची चित्रं केली. दुखण्याला आपल्या भाषेत नाव मिळालं की ते मांडता येतं. परक्या भाषेत डॉक्टरला पोटातली 'कळ' समजावताना आपली जी तारांबळ होते, ती आठवा.

मग तुम्ही काय करायचं? गाडीने सोडा, मुलं सांभाळायची सोय करा, त्या दिवशी कोर्टाची तारीख येऊ देऊ नका, पेट्रोल कार्ड मंजूर करून घ्या. आपल्या जमिनीवर, म्हणजे 'कंट्री'वर, आपल्या नदीकाठी दोन दिवस जाऊन राहणं हा तिच्यासाठी उपचार असेल तर आराखड्यात तसं लिहा आणि वरिष्ठांकडून खर्च मागा. स्मोकिंग सेरेमनीसारखी (पानांच्या धुराने शुद्धी करण्याच्या विधीसारखी) गोष्ट आपण 'आयोजित' करायची नसते. ती करण्याचा हक्क कुणाचा हे त्यांचं ते ठरवतात, आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्यायचे असतात. ज्ञान आहे, मग फुकट का?

७. मुलांचं

घराबाहेर ठेवलेल्या मुलांत अ‍ॅबोरिजिनल मुलांचं प्रमाण इतरांच्या दहा पटींहून अधिक आहे. म्हणून बाल संरक्षणाला फोन करताना, तो करावाच लागणार असेल तेव्हाही, मूल अ‍ॅबोरिजिनल आहे हे पहिल्या मिनिटात सांगा. व्हिक्टोरियात त्यानंतर अ‍ॅबोरिजिनल सल्लागार सेवेचं मत घेणं बंधनकारक होतं. बहुतेक भागांत ती लकिजेका नावाने चालते. मूल हलवायचंच असेल तर आधी नातलग, मग समाजातलं कुटुंब, हा क्रम कायद्यात आहे. तुम्ही काढून घेतलेला नात्यांचा नकाशा इथे सोन्याच्या मोलाचा ठरतो: 'नातलग सापडले नाहीत' म्हणणाऱ्यापुढे तो ठेवता येतो.

आणि आईने काय काय करून मुलांना वाचवलं तेही लिहा. रात्री पोरांना खिडकीतून मावशीकडे पाठवणं, तो पिऊन आला की गाणी लावून त्यांना मागच्या खोलीत ठेवणं. फाइलमध्ये 'आई संरक्षण करण्यात अपयशी' हे चार शब्द फार लवकर येतात.

८. पुरुषांचं

बऱ्याच बाया म्हणतात, 'मला तो नको असं नाही, मार नको.' हे ऐकून आपला चेहरा पडतो. पडू देऊ नका. व्हिक्टोरियात दार्दी मुनवुरो नावाची संस्था अ‍ॅबोरिजिनल पुरुषांसोबत काम करते. पुरुष तिथे निवासी कार्यक्रमात राहतात, ज्येष्ठांसमोर बसतात, बापाने काय दिलं आणि आपण पोरांना काय देतोय हे बोलतात. रेड डस्ट हीलिंग हाही तशाच वाटेने जाणारा कार्यक्रम. स्वतःवर काय गुदरलं ते कळणं आणि आपण काय केलं त्याची जबाबदारी घेणं, ही दोन्ही कामं तिथे एकदमच चालतात. पहिलं दुसऱ्याची सबब होत असेल तर तो कार्यक्रम बरोबर नाही.

त्याने नाव घातलं म्हणून तिचा धोका संपला असं मात्र धरू नका. दोघांना एका खोलीत बसवून समेट घडवायला जाऊ नका, कुणी एल्डर म्हणाले तरी. आधी ती एकटी असताना तिला विचारा.

९. फाइल बंद करण्याची घाई

'सॉरी बिझनेस' म्हणजे मयताचं सुतक आणि त्याच्या रीती. त्यासाठी माणसं शेकडो किलोमीटर जातात, आठवडाभर, कधी महिनाभर. त्या काळात चुकलेल्या भेटींना 'असहकार' म्हणू नका. गेलेल्या माणसाचं नाव घेणं, फोटो दाखवणं पुष्कळ ठिकाणी चालत नाही; आपण काय म्हणायचं ते घरच्यांना विचारा.

पुष्कळ ठिकाणी ठरावीक आठवड्यांत केस बंद करावी लागते. मी वरिष्ठांशी भांडून एक सवलत मिळवली आहे: बंद झालेल्या कुटुंबाला परत यायचं असेल तर नवा फॉर्म नाही, थेट फोन.

पहिल्या भेटीत मला 'जा' म्हणणाऱ्या त्या बाईंचा आठ महिन्यांनी फोन आला. बहिणीच्या दोन मुली आता तिच्याकडे राहायला आल्या आहेत, फ्रिज पुरत नाही, कुठे मिळेल का? मी दोन धर्मादाय दुकानांना फोन लावला. एकाकडे चारशे लिटरचा होता, पण पोहोचवायला माणूस नव्हता. आँटींचा भाचा शनिवारी ट्रेलर घेऊन जाणार आहे. फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, तुमच्या नदीला यंदा पाणी किती आहे?